मित्सुए-सान आणि फिका पट्टा

मित्सुए-सान, हे पत्र लिहायला तीस वर्षं लागली. कारणं देत बसत नाही. ‘मी, मी’ करून सांगायला जीभ रेटत नाही, म्हणून दुसऱ्याच कुणाची गोष्ट असावी तशी, तुम्हाला आणि स्वतःलाही नावाने उल्लेखून सांगते. खोटं वाटेल तिथे थांबवा.

सेंदाईच्या त्या प्रयोगशाळेत मित्सुए-सान बावीस वर्षं सहायक होत्या. शिक्षण शाळेपुरतं, पण हात असा की प्रथिनं वेगळी करायचं जेल ओतावं तर त्यांनीच. दुपारी तीनला त्या भाजक्या बार्लीचा चहा करायच्या आणि भले भले डॉक्टर कप घेऊन रांगेत उभे राहायचे.

तोकिको तिथे पीएचडीला आली आणि तिच्या वाट्याला एक परांची प्रथिन आलं, बांधकामाच्या परांचीसारखं आधार देणारं. पेशीच्या अंगावरच्या ग्राहीला, म्हणजे निरोप झेलणाऱ्या प्रथिनाला, वाढीचा निरोप मिळाला, की आत तो तीन प्रथिनांच्या हातून पुढे सरकतो. परांची स्वतः काडीचं काम करत नाही. त्या तिघांना शेजारी शेजारी धरून ठेवते, एवढंच.

तोकिकोला वाटलं, परांची वाढवली की निरोपही वाढेल. मार्चपर्यंत ते दाखवता आलं नाही तर पदवी हुकणार होती. तिने मित्सुए-सानना पेशींत परांची सढळ हाताने घालायला सांगितली. निरोप किती पोचला ते फिल्मवरच्या पट्ट्याच्या गडदपणावरून कळतं; फिल्म धुतली, तर निरोपाचा पट्टा गडद व्हायचा सोडून फिका. तीनदा केलं, तीनदा फिका.

सोमवारच्या बैठकीत प्रयोगशाळेचे प्रमुख कुमागाई सेन्सेई, म्हणजे आमचे गुरुजी, यांनी विचारलं, प्रयोग चुकलाय, हात कुणाचा होता. तिथली रीत अशी, की चूक ज्याची त्याने उठून कमरेत वाकायचं, चूक वहीत लिहायची, त्यावर सेन्सेई शिक्का मारणार. तोकिको जागची उठली नाही. मित्सुए-सान उठल्या, वाकल्या आणि ‘माझा हात चुकला’ असं वहीत लिहून मोकळ्या झाल्या.

मग कुणाला न विचारता त्यांनी प्रयोग पुन्हा मांडला, या वेळी परांची चिमटी-चिमटीने वाढवत. थोडी घातली की पट्टा काळाभोर, आणखी घातली की पुन्हा फिका. असं का होतं, ते तोकिकोला उलगडेना.

“अगं तोको-चान, डॉक्टर होणारेस ना तू?” मित्सुए-सान म्हणाल्या. “माझ्या माहेरी कोतात्सु एकच. त्या उबदार मेजाच्या पांघरुणात सगळ्यांचे पाय, म्हणून कुणाचं काय चाललंय ते कळायचं. आता माझ्या तिन्ही पोरांच्या खोलीत एकेक आहे. जेवायला हाक मारली तरी एकाचं दुसऱ्याला कळत नाही.”

परांच्या फार झाल्या की ती तीन प्रथिनं तीन वेगळ्या परांच्यांवर जाऊन बसतात आणि निरोप मधेच अडकतो. तोकिकोचा अख्खा प्रबंध यावरच उभा राहिला. सेन्सेई खूश झाले. मात्रा मुद्दामच इतक्या वर नेली होतीस ना, असं त्यांनी विचारलं आणि तोकिकोने मान डोलावली.

त्याच दुपारी मित्सुए-साननी ती वही तिच्या हातात दिली. “सेन्सेईंकडून एवढी ओळ खोडून त्यावर शिक्का आण. मी जाणं बरं दिसत नाही. आणि फार वाकू नकोस, कंबर धरते.”

दोन जिने चढायचे होते. पण ओळ खोडायला सांगायची, तर मात्रा आपणच चुकून वर नेली होती आणि मान खोटीच डोलावली, तेही सांगावं लागणार. तोकिको म्हणाली, पुढच्या सोमवारी नक्की. मग म्हणाली, पदवी होऊ दे. मार्चमध्ये पदवी झाली, त्याच महिन्यात मित्सुए-सान निवृत्त झाल्या. निरोपाच्या दिवशी त्यांनी चहाचा डबा कुठे ठेवलाय ते सांगितलं, वहीचं नावही काढलं नाही. सेन्सेई जाऊनही आता अकरा वर्षं झाली.

वही तोकिकोच्या कपाटात आहे. ओळ खोडलेली नाही.