अनेझीनाची दाबलेली काडी

बेटावरच्या मेगालोखोरी गावात अनेझीनाला कुणी म्हातारी म्हणत नसे. निदान तोंडावर तरी नाही. एकदा एक परदेशी पाहुणा तिच्या शेतात शिरला आणि वेलीच्या टोपलीत बसून फोटो काढायला लागला. हिने त्याचा कान धरला तो थेट रस्त्यावर नेऊन सोडला. "ही खुर्ची नाही रे, वेल आहे माझी! आजीच्या डोक्यावर बसतोस का असा?" त्याला भाषा कळली नाही, कान लाल झाल्यावर मतलब मात्र कळला.

या बेटावर वेली मांडवावर चढत नाहीत. चढवून बघा, वारा एका रात्रीत मांडवासकट समुद्रात टाकेल. इथे वेल जमिनीवरच राहते. दर हिवाळ्यात तिच्या काड्या गोल गोल विणत न्यायच्या, टोपली करायची आणि घड त्या टोपलीच्या पोटात वाढवायचे. उन्हाळाभर पावसाचा थेंब नसतो. रात्री समुद्रावरून धुकं येतं, ते ही राखाडी भुसभुशीत माती पिऊन ठेवते आणि वेल सकाळी मातीकडून उसनं घेते. एवढ्यावर ते असिर्तिको द्राक्ष पिकतं आणि त्याची वाईन अशी उतरते की पहिल्या घोटाला जिभेवर मीठ लागावं.

अनेझीना हे विणकाम बापाकडून शिकली. भाऊ स्तामातिस शिकणार होता, पण त्याला शेतापेक्षा जहाज आवडलं. मग बापाने पोरीच्या हातात कात्री दिली. "काडीला पीळ दे, पण मोडू नकोस. मोडली तर आज जेवण नाही." ती बरेच दिवस उपाशी झोपली आणि मग गावात तिच्यासारखी टोपली कुणाची होईना. लग्न केलं नाही. बायका म्हणायच्या, हिने वेलींशीच संसार थाटलाय. ती म्हणायची, "माझी वेल दारू देते, तुमचे नवरे पितात. आता बोला, कुणाचा संसार बरा?"

बहुतेक द्राक्षं ती विकायची. थोडी ऑगस्टच्या उन्हात अंगणात पसरून मनुक्यासारखी सुरकुतू द्यायची आणि त्यांचा विनसांतो करायची. काकवीसारखी काळपट, गोड वाईन. खडकात कोरलेल्या तळघरात तिच्या बापाच्या वेळचं पिंप होतं. गावातलं एकही बारसं त्या पिंपाशिवाय झालं नाही.

बापाने मरताना वकिलासमोर सांगून ठेवलं होतं आणि ते सगळ्या गावाला पाठ होतं: शेतात वेल जिवंत आहे तोवर शेत अनेझीनाचं. वेली संपल्या की शेत स्तामातिसच्या घराचं. म्हाताऱ्याला वाटलं असेल, पोरगी आहे तोवर वेली कशाला संपतील?

स्तामातिस पुढे वारला. मागे राहिला त्याचा मुलगा पांदेलिस. आणि शेताच्या वरच्या अंगाला राहिलं एक हॉटेल, जे दर हिवाळ्यात थोडं खाली सरकत होतं. आधी भिंत आली, मग पोहण्याचा तलाव आला, मग पायऱ्या आल्या. त्या पायऱ्या शेताच्या बांधावर येऊन थांबल्या होत्या. पुढे कुठेच जात नव्हत्या. पायऱ्या अशा अर्ध्यावर बांधून ठेवतं का कुणी? पण अनेझीनाने तिकडे बघून नुसतं नाक मुरडलं.

त्याच हिवाळ्यात पांदेलिसला आत्याची माया आली. रविवारी चर्चमधून तिला हाताला धरून घरी आणायचा. खारवलेलं चीज आणायचा, टोस्ट आणायचा. भाचा मनापासून हसतो तेव्हा त्याचे डोळेही हसतात. याचे डोळे शेताकडे असायचे.

वेल फार जुनी झाली की तिच्या टोपलीचं लाकूड जाड होतं, घड कमी लागतात. मग पूर्ण टोपली बुंध्यापासून कापून टाकायची. जमिनीखालचं मूळ शाबूत असतं, शंभर वर्षांचं, दोनशे वर्षांचं. वसंतात त्यातून नवी फूट येते आणि वेल पुन्हा पोर होते. अनेझीनाचा बाप दरसाल चारच ओळी कापायचा, अनेझीनाही चारच. सगळं शेत एकदम कुणी कापत नाही. एकदम कापलेलं शेत म्हणजे नुसते दगड.

"आत्या, यंदा सगळं एकदम उरकून टाकू ना," पांदेलिस म्हणाला. "माणसं मी आणतो, करवत मी आणतो. दोन वर्षं पीक नाही, पण मग बघ कशी तरारतात!"

"चार ओळी," अनेझीना म्हणाली.

"तुझी मर्जी. मी नाही म्हणत हं, गाव म्हणतं. म्हणतात, चारच कापते, कारण पाचवी झेपत नाही. म्हातारी झाली बिचारी."

बिचारी! गावातल्या कुणी हे म्हटलं होतं की नाही, देव जाणे. पण बाण जिथे लागायचा तिथे लागला. ती उठली, कोपऱ्यातली कात्री उचलली आणि म्हणाली, "उद्या आण तुझी माणसं. बघतेच कोण म्हातारी आहे ते."

माणसं आली. यंत्राची करवत दिवसभर किरकिरत होती. संध्याकाळी बांधाला टोपल्यांचा ढीग लागला, एकावर एक, रिकाम्या घरट्यांसारखा. शेजारचा बार्बा-फ्रान्गेस्कोस गाढव घेऊन चालला होता, तो थबकला. हा तिच्याच वयाचा, आणि जिभेनेही तिच्याच तोडीचा.

"अनेझीना, काय गं हे? दफनभूमी मांडलीस का?"

"तुझी जागा राखून ठेवलीय, काळजी करू नकोस."

तो हसला नाही. "तुझ्या बापाने हे केलं नसतं," एवढं बोलून गाढव हाकत गेला. तो असा न भांडता गेला, तेव्हा तिने पहिल्यांदा त्या ढिगाकडे नीट बघितलं.

दुसऱ्या दिवशी ती माणसं पुन्हा आली, डबे घेऊन. प्रत्येक खोडाशी उकिडवी बसून काहीतरी करत होती.

"कापलेल्या जागी कीड लागू नये म्हणून औषध लावतोय, आत्या. तू थंडीत कशाला उभी राहतेस? जा घरात."

ती घरात गेली आणि सगळ्यांसाठी कॉफी करून आणली. त्या कॉफीची आठवण तिला नंतर फार छळणार होती.

मार्च आला. बार्बाच्या शेतात गेल्या वर्षीच्या काड्यांवर डोळे फुगले, फुटले, लुसलुशीत पानं बाहेर आली. दोन शेतांमधल्या भिंतीच्या अलीकडे अनेझीनाचं शेत मुकं होतं. ती रोज ओळींमधून फिरायची. कापलेल्या वेलीला उशीर होतोच, ती स्वतःला सांगायची. पाऊस कमी झाला. वारा फार होता. सरडे त्या शेतातून निघून गेले होते, हे मात्र तिला स्वतःला समजावता येईना.

मग एका सकाळी तिने गुडघे टेकले आणि एका खोडाची साल चाकूने खरवडली. आत हिरवं असायला हवं होतं. आत होतं तपकिरी, भिजलेल्या तंबाखूसारखं. तिने बुंध्याभोवतीची माती हाताने उकरली. जमिनीच्या जरा खाली खोडाला एक भोक होतं. गोल, नीट, यंत्राने पाडलेलं. वर चिखलाचं बूच. बूच काढलं तसा नाकात औषधी उग्र वास गेला.

पुढचं खोड उकरलं. भोक. त्याच्या पुढचं. भोक. ती गुडघ्यांवर सरकत ओळीच्या टोकापर्यंत गेली. नखं फुटली. वर हॉटेलच्या गच्चीवर कुणीतरी खुर्च्या मांडत होतं. खुर्ची ओढल्याचा आवाज स्वच्छ ऐकू येत होता.

"बार्बा!" तिने भिंतीपलीकडे हाक मारली. साठ वर्षांत तिने त्याला अशी हाक मारली नव्हती. तो धावत आला, भिंतीवरून वाकला, भोक बघितलं आणि डोक्यावरची टोपी काढली.

"टोपी घाल डोक्यावर! मयताला आलायस का?"

"सगळ्या?"

"सगळ्या."

त्याने टोपी घातली. मग म्हणाला, "आणि ती दाबलेली?"

अनेझीनाने त्याच्याकडे बघितलं. दोन हिवाळ्यांपूर्वी भिंतीलगत एक जागा रिकामी पडली होती. शेजारच्या वेलीची लांब काडी तिने मातीखालून नेऊन तिथे दाबली होती, कलमासाठी. काडी फुटली होती खरी, पण रोडकी, आणि गेल्या उन्हाळ्यात तिची पानं गळाली तेव्हा अनेझीनाने तिचा नाद सोडला होता. वर केपरचं झुडूप पसरलं होतं. पांदेलिसची माणसं उभ्या टोपल्या मोजत गेली. झुडपाखाली कोण बघतो?

तिने झुडूप बाजूला केलं. खाली एक बोटभर काडी. काडीवर एक डोळा फुटलेला, आणि त्यातून एक पान.

तिला आनंद झाला नाही. आधी भीती वाटली. कारण ती काडी अजून मातीखालून आईला जोडलेली होती, आणि आईच्या पोटात विष होतं. तिने माती बाजूला केली, दाबलेलं लाकूड मोकळं केलं आणि बापाच्या कात्रीने नाळ कापावी तशी कापली. दोन्ही तोंडं उजेडात धरून बघितली. आईकडचं तोंड पूर्ण तपकिरी. पानाकडचं ओलं, फिकट हिरवं. पण त्या हिरव्याच्या अगदी मधोमध केसासारखी एक बारीक तपकिरी रेघ.

"ती रेघ आधीची असेल," बार्बा म्हणाला.

"असेल," ती म्हणाली.

पांदेलिस दोन दिवसांनी आला. बरोबर जमीन मोजणारा एक माणूस, त्याच्या काखेत लाल टोकाच्या खुंट्या. आत्या भिंतीशी उलट्या घमेल्यावर बसली होती.

"आत्या, वाईट वाटतंय गं. दुष्काळच असा. पण आजोबांचा शब्द आहे, काय करणार?"

"आजोबांचा शब्द मला पाठ आहे. वेल जिवंत आहे तोवर शेत माझं." तिने झुडूप बाजूला केलं. "ये, बघ. लांबून काय बघतोस? वाक. डबे घेऊन माणसं आणलीस तेव्हा वाकायला येत होतं ना?"

त्याचा चेहरा क्षणभर रंग उडालेल्या भिंतीसारखा झाला. मग तो वाकला. पान बघितलं. मोजणाऱ्यानेही बघितलं, आणि खुंट्या या काखेतून त्या काखेत घेतल्या.

"एक पान, आत्या? एका पानावर शेत राखणार?"

"तुझ्या आजोबांनी पानं मोजायला सांगितलं नव्हतं."

मोजणारा म्हणाला, जिवंत वेल दिसत असताना त्याला इथे खुंटी ठोकता येणार नाही, आणि तो पायऱ्यांकडून निघून गेला. पांदेलिस गेला नाही. तो अजून वाकूनच होता. पानाची कड निरखत होता. कडेला एक पिवळा पट्टा होता, नखाएवढा. काल तो नव्हता. अनेझीनाला ते ठाऊक होतं. आता त्यालाही कळलं.

तो सरळ झाला. भांडला नाही. भिंतीवरच्या एका दगडाची धूळ रुमालाने झटकली, पायावर पाय टाकून बसला आणि सिगारेट पेटवली.

"घाई नाही आत्या," तो म्हणाला.

समुद्राकडून वारा उठला. अनेझीनाने घमेलं पुढे सरकवलं, वाऱ्याकडे पाठ केली आणि दोन्ही तळवे त्या पानाभोवती धरले, टोपलीसारखे.