धाकल्याचं नाक

गंजाडच्या पाड्यात धाकल्याच्या नाकाला मान होता. कंदमुळं सोलून, तुकडे करून वाळवली की बाकीच्यांना सगळी सारखीच पांढुरकी दिसत. धाकल्या एकेक तुकडा नाकाशी धरी आणि सांगे, ही शतावरी, ही मुसळी. बाळंतिणीला दूध उतरत नसेल तर शतावरी दुधात उकळून द्यायची. बाळंतपण अडलं तर कळलावी उगाळून तळपायाला लावायची. ही दुसरी पोटात जाता कामा नये, हे तो दर वेळी बजावून सांगे.

एक्क्याण्णवच्या पावसाळ्यात त्याला मोठा ताप आला. ताप उतरला, माणूस उठून बसला. पण एका सकाळी चुलीवर भात करपला, घरभर वास सुटला, आणि धाकल्या चुलीशेजारीच सुतळी वळत बसलेला. भिकी, त्याची बायको, पाण्याचा हंडा घेऊन दारात आली ती तशीच थबकली.

"तुला वास नाही आला?"

"आला की," तो म्हणाला.

तिने पुढे विचारलं नाही. पण त्या दिवसापासून त्याच्या हाताकडे तिचं लक्ष जाऊ लागलं. तो तुकडा नाकाशी धरी, डोळे मिटी, आणि जरा जास्तच वेळ थांबे.

दिवाळीनंतर अंगणात दोन चटया वाळत होत्या, एकीवर शतावरी, दुसरीवर कळलावी. दुपारी वावटळ आली आणि दोन्ही चटया उलट्यापालट्या झाल्या.

"टाकून दे सगळं," भिकी म्हणाली.

"दोन महिने डोंगरात खणतोय. निवडून काढतो मी."

तो संध्याकाळपर्यंत निवडत बसला. भिकीला जेवण गेलं नाही.

चार दिवसांनी ती बाजाराला डहाणूला गेली होती. परत आली तर धाकल्या ओटीवर आडवा, ओकून ओकून डोळे खोल गेलेले. शतावरी म्हणून ठेवलेल्यातलाच एक तुकडा त्याने चावून गिळला होता.

"का खाल्लंस?"

"बघायचं होतं."

पाड्यातल्या बाबल्याच्या टेम्पोतून तिने त्याला सरकारी दवाखान्यात नेलं. आठ दिवस सलाईन. घरी आल्यावर तो बोलेनासाच झाला. दाराशी कोणी आलं की अंग चोरून भिंतीकडे तोंड करी. तुकडा खाल्ल्यापासून पंधराव्या दिवशी त्याने डोक्यावरून हात फिरवला आणि मूठभर केस हातात आले. 

"नवशीला दिलंय," तो म्हणाला.

"काय?"

"तू बाजारात होतीस तेव्हा. बाळंतीण आहे, माहेरी तलासरीला चालली होती. दूध नाही म्हणाली, त्यातलंच मूळ दिलं. ती गेल्यावर मला राहवेना, म्हणून मी खाल्लं."

"आणि पंधरा दिवस गप्प बसलास?"

भिकी मिळेल त्या एसटीने निघाली. रस्ताभर तिला एकच दिसत होतं: घरापुढे जमलेली माणसं. पण नवशीच्या माहेरी अंगणात कोणी नव्हतं. नवशी आत बसली होती, डोक्याला घट्ट फडकं बांधून. मांडीवर मूल बाटलीतलं गाईचं दूध पीत होतं.

"काकी, फार ओकारी झाली," ती म्हणाली. "दाक्तर म्हणाले पाणी बाधलं. आता केस जातायत. काकांना सांग ना, दुसरं काही मूळ द्यायला. एकदाच घेतलं, उरलेलं ठेवलंय बघ."

भिकीने ती पुरचुंडी आधी हातात घेतली, मग सगळं सांगितलं.  नवशीने मूल छातीशी ओढून घेतलं.

"वास येत नाही, हे तुला ठाऊक होतं काकी?"

भिकीला हो म्हणावं लागलं.

नवशीचे केस उन्हाळ्यापर्यंत परत आले. सासरी आल्यावर मात्र ती धाकल्याच्या घरावरून जायची नाही. धाकल्याने पुन्हा कोणाला मूळ दिलं नाही. लोक तरीही येत. सकाळीच येऊन ओटीवर बसत, पोटाचं सांगत, सांध्यांचं सांगत. तो आतून बाहेर येत नसे. भिकी दारात उभी राहून म्हणे, "दवाखान्यात जा." आणि ते जात नसत, बसूनच राहत.