बार मित्झ्वाचं कार्ड आणि माझा ठेवणीतला मजकूर

दुबईत, करामातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये माझी फार वट होती, ती माझ्या अक्षरामुळे. बारसं, मुंज, साखरपुडा, काहीही असो, मराठी मंडळी कार्ड घेऊन माझ्याकडेच यायची. मजकूरही माझाच. मुंजीसाठी तर माझा आठ ओळींचा ठेवणीतला आशीर्वाद होता. विद्या, बल, कीर्ती, आईवडिलांचं नाव, सगळं त्यात. मुलाचं नाव तेवढं बदललं की खलास. मला त्याचा अभिमान होता, आता कशाला लपवू?

शेजारच्या फ्लॅटमधल्या वहिनी अलिबागच्या आणि मी रोह्याची. पहिल्याच आठवड्यात आमचं मेतकूट जमलं आणि दुसऱ्या आठवड्यात मोडलं. मी हौसेने कोलंबीचं कालवण पाठवलं, ते झाकणासकट परत आलं. "आम्ही कोलंबी खात नाही हो." कोकणातली बाई आणि कोलंबी खात नाही? माझं डोकंच फिरलं. वर्षभर मी त्यांना वाटीभर आमटीसुद्धा दिली नाही. मग हळूहळू दिसायला लागलं की शनिवारी त्यांच्याकडे गॅस पेटत नाही आणि मटणाच्या जेवणात दही नसतं. आमच्या गावाकडे शनवारतेल्यांची, म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या तेल्यांची, चार घरं होती, तिथलंही असंच असायचं. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. वहिनी बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यू. कोलंबी त्यांच्या धर्मातच वर्ज्य.

आडनाव गावावरून, शेवटी 'कर', त्यामुळे बिल्डिंगमधले सगळे त्यांना आपल्यातलेच धरून चालायचे आणि त्याही काही बोलायच्या नाहीत. दुबईत त्या काळी ही गोष्ट कुणी बोलून दाखवत नसे. कुणी त्रास दिला असं नाही, पण उगाच विषय कशाला काढा? वहिनींशी माझं पुन्हा जमलं, पण चारचौघांत मीही तोंड शिवून घेतलं. माझ्यासारखीने तोंड शिवणं म्हणजे काय असतं, ते माझ्या नवऱ्याला विचारा.

त्यांचा मुलगा तेरा वर्षांचा होणार होता. त्या वयात त्यांच्याकडे मुलाचा बार मित्झ्वा करतात. मुलगा सिनेगॉगमध्ये सगळ्यांसमोर उभा राहून धर्मग्रंथातला उतारा हिब्रूत वाचतो आणि त्या दिवसापासून मोठ्यांत धरला जातो. जुलैच्या सुट्टीत अलिबागला जाऊन करायचं ठरलं होतं. तिथे वहिनींचे वडील, अप्पा, ऐंशीच्या पुढचे. त्यांनी तो उतारा स्वतः म्हणून कॅसेट भरून पाठवली होती. "नातवाचं वाचन ऐकायला थांबलेत हो ते," असं वहिनी म्हणायच्या, आणि त्या थांबण्याचा अर्थ आम्हा दोघींनाही कळायचा.

मार्चपासून मुलगा शाळेतून आला की रोज दुपारी कॅसेट सुरू व्हायची. आमच्या दोन बाल्कन्यांमध्ये एक भिंत. मी कपडे वाळत घालत असायचे. आधी अप्पांचा धीरगंभीर आवाज, मध्येच त्यांचा खोकला, मग मागोमाग नातवाचा नुकताच फुटू लागलेला आवाज.

मे महिन्यात मुलाने संप पुकारला आणि वहिनी माझ्या ओट्यापाशी येऊन रडल्या. वरच्या मजल्यावरच्या त्याच्या मित्राची मुंज आदल्या वर्षी हॉल घेऊन दणक्यात झाली होती. टीव्हीवर चाळीस कार्डं उभी होती. आणि इथे? शाळेत सांगायचं नाही, बिल्डिंगमध्ये सांगायचं नाही. तो म्हणे, "व्हॉट्स द पॉइंट, मम्मी? नोबडी नोज!" तो वाचणारच नाही म्हणत होता.

"मी अप्पांना काय सांगू गं?" वहिनी म्हणाल्या.

"रडताय काय वहिनी? कार्डच ना? मी आहे ना!" मी पदर खोचला.

कार्डाच्या दुकानात ईद होती, दिवाळी होती, नाताळ होता, लवकर बरे व्हा होतं. "किस चीज का कार्ड, मॅडम?" दुकानदाराने विचारलं. आता याला काय सांगू? "लडका बडा हो गया, उसका," मी म्हटलं. त्याने काळी टोपी आणि पदवीची गुंडाळी असलेलं कार्ड काढून दिलं. आठ दिरहम. "म्हणजे ऐंशी रुपये!" नवऱ्याने घरी आल्याआल्या मोठ्याने हिशेब ऐकवला. मी लक्ष दिलं नाही. सुवाच्य अक्षरात आठ ओळी लिहिल्या, सवयीने चारही कोपऱ्यांना हळद-कुंकू लावलं आणि दुसऱ्या दिवशी रुबाबात नेऊन दिलं.

शाळेत हिंदी असल्याने मुलाला वाचता येत होतं. त्याने शांतपणे वाचलं. "थँक यू, आंटी." मग बोट वर छताकडे केलं. "बट धिस इज हिज कार्ड. सेम टु सेम. आय रेड इट."

वहिनी त्याच्यावर डोळे वटारत होत्या आणि मी कशीबशी घरी आले. कार्टं आगाऊ आहे, असं म्हणत भांडी आपटली. संध्याकाळपर्यंत राग उतरला आणि लाज वाटायला लागली. नवरा पेपरमागून म्हणाला, "अगं, पण त्यात 'बटू' आहे ना? त्याला काय जानवं घालणार आहेत?" अगं बाई! ते तर मी पाहिलंच नव्हतं. नाव बदललं होतं फक्त.

दुसऱ्या दुपारी कॅसेट लागली. मला वाटलं होतं, लागणार नाही. बहुधा आईच्या धाकाने लावली असावी, आवाज अगदी पडेल होता. मी चिमटे लावत होते आणि लक्षात आलं की पुढची चाल मीच त्याच्या आधी गुणगुणते आहे. तिसऱ्या ओळीत तो नेहमीसारखा थांबला. आणि मीसुद्धा नेहमीसारखी ओला शर्ट हातात धरून थांबले.

तशीच आत गेले, एक साधा फुलस्केप कागद घेतला आणि एका दमात लिहून काढलं.

"तुला वाटतं, कुणाला माहीत नाही. मला माहीत आहे. मार्चपासून भिंतीच्या अलीकडून मी रोज ऐकते. शब्द एकही कळत नाही, पण चाल पाठ झाली आहे. तिसऱ्या ओळीत तू थांबतोस तेव्हा माझा हातही थांबतो, आणि तू पुढे गेलास की मला हायसं वाटतं. अलिबागला मी नसेन. म्हणून जरा मोठ्याने वाच. तुझी आंटी."

हळद-कुंकू लावलं नाही. कागद दाराखालून सरकवला आणि पळून आले, खरंच पळून. उत्तर आलं नाही. पण दुसऱ्या दुपारी आवाज चढला होता. जुलैत ते अलिबागला गेले.

ऑगस्टमध्ये परतले तेव्हा बॅगा न उघडताच वहिनी हलव्याचा डबा घेऊन आल्या. "वाचलं गं त्याने! पण तिसऱ्या ओळीत थांबला. माझा तर जीव गेला. आणि पहिल्या रांगेत बसलेले अप्पा खोकले. बघ, तो हसला आणि धडाधडा पुढे गेला." तो अडखळत नव्हताच कधी. कॅसेटमध्ये तिथे अप्पांना खोकला आला होता, आणि पोरगं चार महिने इमानदारीने आजोबांचा खोकला संपायची वाट बघत होतं. मी रोज ऐकूनही मला कळलं नव्हतं.

वहिनींच्या मागे तो उभा होता, बोटभर उंच झालेला. खिशातून माझा फुलस्केप डोकावत होता, घडीवर चुरगळलेला.

"आंटी," तो मराठीत म्हणाला, "ऐकू आलं?"

मला रडूच कोसळलं. "आलं रे बाबा, आलं," मी म्हटलं. "इतक्या मोठ्याने ओरडतात का?"