डॅरेलचं गवत

डॅरेल हुपालो आमच्या गावच्या रिंकवर बर्फ राखतो. पाणी मारायचं, गोठवायचं, हॉकीची पोरं ओरबाडून गेली की पुन्हा यंत्र फिरवून गुळगुळीत करायचं. कॅनडातल्या आमच्या सास्काचेवानच्या हिवाळ्यात बाहेरही तेच असतं, फक्त गुळगुळीत नसतं. माणूस सरळ, हौस एकच: कॉम्प्युटरवरचा लढाईचा खेळ. रविवारी दुपारी आम्ही शाळेपासूनचे चौघे सोबती आपापल्या घरून एकाच टोळीत उतरतो. टोळीचा म्होरक्या क्लिंट. तो शाळेतही म्होरक्याच होता, तेव्हाही कुणी नेमलं नव्हतं.

थंडीच्या तोंडावर डॅरेलनं खेळातलं चित्र झकास दिसावं म्हणून कॉम्प्युटरमध्ये बसवायचं नवं ग्राफिक्स कार्ड घेतलं आणि थोड्याच दिवसांत कंपनीनं त्याहून भारी बाजारात आणलं. त्याचं तोंड पार उतरलं. पण कंपनीची एक सोय होती. कार्ड घेऊन फार दिवस झाले नसतील, तर ते परत करायचं, वरचा फरक भरायचा आणि भारीतलं घ्यायचं. डॅरेलनं लगेच नंबर लावला.

घाईला कारण होतं. अलीकडे तो खेळात सारखा मरायचा, आणि क्लिंट त्याच्या जागी आपल्या पुतण्याला घ्यायच्या गोष्टी करू लागला होता. डॅरेल कार्डाला दोष द्यायचा. मला दोष वयाचा वाटायचा, पण आम्ही एकाच वयाचे, म्हणून मी गप्प.

नंबर लागला. आधी जुनं कार्ड पाठवायचं, तेही मूळ खोक्यात. खोक्यात त्याच्या बायकोनं, नॉरीननं, ख्रिसमसचे काचेचे गोळे ठेवले होते.

"अगं, ते कंपनीचं खोकं आहे!"

"मग कंपनीला सांग गोळे ठेवायला दुसरं द्यायला."

शेवटी गोळे त्याच्या हिवाळी बुटांत गेले आणि कार्ड टपालात.

"आता खेळणार कशावर, कपाळावर?" क्लिंटनं विचारलं.

कार्डाशिवायही मशीन स्वतःचं दुबळं चित्र दाखवायचं, त्यावर. खेळ चालावा म्हणून डॅरेलनं चित्रातला तपशील कमीत कमी केला. झाडांचे ठोकळे झाले, सावल्या गेल्या, गवत तर उरलंच नाही. आणि त्या रविवारी गडी असा खेळला की आम्ही बघत राहिलो. शत्रू गवतात लपायचे, पण डॅरेलच्या पडद्यावर गवतच नव्हतं.

"तो बघ, उघड्यावर पालथा पडलाय! लाज कशी वाटत नाही मेल्याला!"

नवं कार्ड येईपर्यंत आम्ही एकही सामना हरलो नाही. कार्ड आलं, आणि त्यानं चित्रातला सगळा तपशील पुन्हा वर चढवला.

"अरे, गवत बघा! वाऱ्यानं हलतंय! प्रत्येक पातं वेगळं—" इथं तो मेला. नंतरच्या रविवारीही तसाच, बोलता बोलता.

"गवत बंद कर," क्लिंट म्हणाला. "नाहीतर पुढच्या खेपेला पुतण्या."

"गवतासाठीच तर घेतलं रे एवढं."

"मग बस चरत."

मला क्लिंटचा राग आला, पण जिंकायचं मलाही होतं. पुढच्या रविवारी डॅरेलनं गवत बंद केलं आणि आम्ही जिंकलो.

सामना संपल्यावर शाबासकी द्यायला मी शेजारी त्याच्या घरी गेलो. नॉरीननं दार उघडलं. "आत आहे. बोलेलसं वाटत नाही."

डॅरेल पुन्हा खेळात उतरला होता, एकटाच. बंदूक खाली, कमरेएवढ्या गवतात उभा. वारा आला की सगळं रान एका अंगाला झुकत होतं. खिडकीबाहेर बर्फ पडत होता.

"तुझी जागा पक्की म्हणाला क्लिंट."

"बरं."

तेवढ्यात गवतातून कुणीतरी त्याला गोळी घातली. तो चिडला नाही. पुन्हा जिवंत झाला आणि चालत चालत त्याच जागी येऊन उभा राहिला.

"अरे, तो अजून तिथंच दबा धरून असेल!"

"असू दे," डॅरेल म्हणाला. "तो मारेपर्यंत तर बघू दे."