रिकाम्या कपातला चहा

सुशीलाताईंना मी प्रथम भेटले ती सोलापूरच्या यंत्रमाग वस्तीतल्या त्यांच्या बालवाडीत. माझे शिक्षण कॉन्व्हेंटमधले; नोकरीच्या पहिल्याच दिवशी मी रंगांचे तक्ते घेऊन गेले होते. एका चिमुरडीने मला प्लॅस्टिकचा रिकामा कप दिला. मी विचारले, "याचा रंग कोणता?" तिने कप मागे घेतला. मागून ताई म्हणाल्या, "बाई, पाहुण्यांनी कपाचा रंग विचारायचा असतो का? चहा घ्या की!"

त्यांच्या बालवाडीत दर शनिवारी मुलांच्या आया पाहुण्या म्हणून येत. मूल देईल ते घ्यायचे, चूक काढायची नाही, एवढाच नियम. नरसम्मा नावाची आई एकदा कुरकुरली, "ताई, कपात काय बी न्हाई की! त्यापेक्षा अक्षरं शिकवा."

"लई गरम हाय, फुंकून पी," ताई म्हणाल्या.

नरसम्माने हसत फुंकर घातली. वर्गात कधीच न बोलणारा तिचा लेक घाईने म्हणाला, "थांब अम्मा, बशी आणतो." गरम चहाला बशी लागते हे त्याचे त्याने शोधले, म्हणून ताई दिवसभर आनंदात होत्या.

माझी शस्त्रक्रिया झाली तेव्हा ताई रोज भाकरी घेऊन येत. माझी लेक मला चमच्याने इंजेक्शन देई आणि ताई मलाच दटावत, "जरा ओरडा की!"

जूनपासून बालवाडीच्या खोलीत इंग्रजी नर्सरी भरणार आहे. वेळापत्रकात शनिवारच्या पाहुण्या नाहीत. पालकांनाच गृहपाठ हवा आहे. आम्ही सहकाऱ्यांनी पुष्कळ विनवले, पण जमले नाही. पंचाहत्तरीच्या गौरवलेखात अशी हळहळ शोभत नसेल. ती वगळून ताईंविषयी लिहिणे मात्र मला साधत नाही.

शेवटच्या शनिवारी एकच आई आली, तीही फोन पाहत दारातच उभी राहिली. गुडघे वाकत नसताना ताई भिंतीला धरून जमिनीवर बसल्या. त्या आईच्या मुलीने दिलेल्या कपातून त्यांनी घोट घेतला. "साखर कमी पडली गं." मुलगी धावत दाराशी गेली आणि आईपुढे ओंजळ धरून म्हणाली, "साखर दे." आई क्षणभर गोंधळली. मग फोन कमरेला खोचून तिने रिकाम्या मुठीने साखर घातली.

ताई, पंचाहत्तरीनंतरची तुमची वर्षे निरोगी जावोत, पुष्कळ असोत आणि गुडघेही साथ देवोत. खोली आम्हांला वाचवता आली नाही. कप तेवढे मी घरी आणून ठेवले आहेत.