आलाख

मोठ्या पडद्यावर माझा धडा लावला होता. आवाज बंद ठेवला होता. खडू धरलेला माझा हात हलत होता, ओठ हलत होते, आणि खाली माझ्या बोलण्याची अक्षरे उमटत होती. विद्यापीठाच्या समितीचे समन्वयक उठले. त्यांनी चित्र थांबवले आणि खालची ओळ मोठ्याने वाचली.

"दिलाल्या माहितीवरून आलाख काढा."

मग माझ्याकडे वळले.

"सर, आलाख म्हणजे काय हो? तुमच्याकडचा, जंगलातला शब्द आहे का?"

मला धरून आम्ही नऊ जण होतो. आठ हसले.

चाळीस वर्षे गणित शिकवले. 'आलेख' हा शब्द फळ्यावर किती वेळा लिहिला, त्याची गणती नाही. तरी त्या क्षणी मला वाटले, चूक माझीच असणार. हे आधी लिहून ठेवतो. त्यांच्या हसण्यापेक्षा ते अधिक लाजिरवाणे होते.

आर्वीच्या महाविद्यालयात मी उपयोजित गणित शिकवीत होतो. टाळेबंदीत वर्ग बंद पडले, तेव्हा धडे मोबाइलवर चित्रित करून मुलांना पाठवू लागलो. प्रमाण मराठीत, इंग्रजी संज्ञांसह, वर्गात बोलत असे तसे. चौथ्या दिवशी जवळच्या खेड्यातल्या एका विद्यार्थिनीचा फोन आला.

"सर, बसस्टँडवर माह्या बाबासंग बोलता ना, तसं सांगा. हे मले समजून नाई राह्यलं."

उदाहरणाला मी सोयाबीन घेतले. बाजारात नेण्याआधी ते उन्हात पसरतात, हे मुलांनी घरी पाहिलेले. ओल रोज सारखी उतरत नाही. जितकी अधिक ओल, तितकी ती वेगाने जाते. त्यातूनच बदलाचा वेग मांडणारे अवकल समीकरण उभे राहते. "सोयाबीनले ऊन दिलं का ओल उतरते. आता वेळेले आडव्या रेघेवर घ्या," असे मी सांगितले. मुले उदाहरणे सोडवू लागली.

निवृत्तीनंतर विद्यापीठाने हाच अभ्यासक्रम आपल्या संकेतस्थळावर घेतला. सोळा धडे, टिपणे, सरावाची उदाहरणे. धड्यांखालची अक्षरे मी स्वतः टंकलिखित करून दिली. दुसऱ्या महाविद्यालयांतली मुलेही येऊ लागली. त्यांच्या शंका मी रोज सकाळी सोडवीत असे.

त्या बैठकीत हसणे थांबल्यावर समन्वयकांनी प्रस्ताव मांडला. आशय उत्तम आहे, भाषा मात्र कानाला लागते. शहरातले एक तरुण प्राध्यापक हेच धडे नव्याने चित्रित करतील. माझे नाव शेवटी येईल, 'विषयसाहाय्य' म्हणून. संमतिपत्र माझ्यापुढे सरकवले. सही नसेल, तर धडे संकेतस्थळावरून उतरवावे लागतील. परीक्षा तीन आठवड्यांवर होती. मला दोन दिवस दिले.

नालवाडीला घरी आलो. धड्यांची वही उघडली. आलेख. पुढचे पान, आलेख. एकाही ठिकाणी चूक नाही. मग संगणकावर विद्यापीठाचे फोल्डर उघडले; शंका सोडवण्यासाठी मला तिथे प्रवेश दिला होता. माझ्या अभ्यासक्रमाच्या दोन प्रती होत्या. एकीचे नाव 'शुद्ध'. दुसरी, मी पाठवलेली. तिचे नाव 'अशुद्ध'.

शुद्ध प्रत वाचली. 'केलेले' या शब्दाचे 'केलाला' झाले होते. 'लेखी'चे 'लाखी'. चुका विखुरलेल्या नव्हत्या. त्यांना नियम होता. आणि 'सोयाबीनले' होते तिथे 'सोयाबीनला' आले होते. मग कळले. कोणीतरी संगणकाला एकच आज्ञा दिली होती. जिथे 'ले' दिसेल, तिथे 'ला' कर. वऱ्हाडी पुसायची होती. यंत्राने आलेखातला 'ले'ही पुसला.

समन्वयकांना हे ठाऊक नसेलही. शोधण्याची गरज त्यांना वाटली नाही. चूक कोणाची, हे त्यांना माझ्याकडे पाहूनच कळले होते.

माझी आई गोंडी बोलत असे. वऱ्हाडी मी गावच्या शाळेत शिकलो. महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षी फळ्यासमोर उभा राहून म्हणालो, "याले शून्य धरू." प्राध्यापक म्हणाले, "आधी तोंड धुऊन ये, मग शून्य धर." वर्ग हसला. मी खरोखर नळावर गेलो. तोंड धुतले. परत येऊन म्हणालो, "याला शून्य धरू."

त्या दिवसापासून वर्गात, सभेत प्रत्येक वाक्य आधी मनात थांबवीत आलो. 'ले' काढायचा, 'ला' ठेवायचा, मग बोलायचे. यंत्राला दिलेली आज्ञा टाळेबंदीपर्यंत मी चाळीसहून अधिक वर्षे पाळली होती. यंत्र निदान चुकले, म्हणून पकडले गेले. मी एकदाही चुकलो नाही.

तिसऱ्या दिवशी समितीपुढे गेलो. पडद्यावर एक वाक्य टंकले. सर्वांसमोर तीच आज्ञा दिली. आलेखाचा आलाख झाला. कोणी हसले नाही.

"तांत्रिक चूक आहे, सर. दुरुस्त करू," समन्वयक म्हणाले.

"कोणती? आलेखातली की सोयाबीनमधली?"

समन्वयकांनी संमतिपत्र पुन्हा पुढे केले. म्हणाले, "मुलांचं नुकसान होईल. या वयात हट्ट कशाला?"

सहीच्या जागी मी 'संमती नाही' असे लिहिले आणि कागद परत सरकवला. त्याच दिवशी धडे उतरवले गेले.

सायंकाळी त्या विद्यार्थिनीचा फोन आला. आता ती आर्वीतच लहान मुलांच्या शिकवण्या घेते. तिचा भाऊ या वर्षी परीक्षेला बसणार आहे. "सर, पान उघडून नाई राह्यलं. काऊन?" मी सगळे सांगितले. दोन्ही प्रतींची नावेही सांगितली.

"म्हंजे सर, आपलं कॉलेज तिथं कॉलाज झालं असंन."

मी शुद्ध प्रत पुन्हा पाहिली. झाले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुढच्या खोलीत फळा लावला. स्टुलावर मोबाइल ठेवला. आधी माझे नाव सांगितले, मग गाव, मग गोंड जमात. चाळीस वर्षांत वर्गात हे एकदाही सांगितले नव्हते. मग 'आलेख' हा शब्द लिहिला आणि वऱ्हाडीत धडा सुरू केला.

परीक्षेपर्यंत सोळापैकी अकराच होतील. उरलेले पाच आर्वीला जाऊन फळ्यावर शिकवीन. विद्यापीठाने पुन्हा बोलावले, तर जाईन. माझ्या नावाने, माझ्या आवाजात.

हे मी प्रमाण मराठीत लिहिले आहे. तीही माझी आहे, कष्टाने मिळवलेली. मात्र तिच्यासाठी यापुढे तोंड धुणार नाही.