राजाकोळी

"आली बघा राजाकोळी!" तळ्याकाठी जोशीकाका पुटपुटले आणि आमचा पक्षी बघणारा गट हसला. "ते बदक आहे का?" असं मोठ्याने विचारणारी नवी मुलगी जागीच थबकली.

पक्ष्यांतलं न कळणाऱ्याला आम्ही राजाकोळी म्हणतो. हे नाव आलं कुठून, असं विचारलं की काका सहलीला आलेल्या कुणा साहेबाची गोष्ट सांगतात. ती दर वेळी थोडी लांबते. मी दुर्बिणीचा पट्टा बोटाला गुंडाळते, सोडते, पुन्हा गुंडाळते. शब्द आपला जन्म विसरून मोकळा झाला आहे. मी अजून नाही.

वाळक्या फांदीवरून खंड्या निळा चमकून गेला. मुलगी परत निघाली होती.

"थांब गं," मी म्हणाले, "किंगफिशरला, म्हणजे या खंड्याला, मराठीत राजाकोळी म्हणतात, असं या गटातल्या माझ्या पहिल्या दिवशी मीच सांगितलं होतं."